वाटाड्या, शिलालेख आणि स्थानपोथी

देवळे पाहणे आणि देवळांविषयी ऐकणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. यात्रेकरू बव्हंशी पाहतो. सहलीला गेलेला माणूस बव्हंशी ऐकतो. त्याच्या सोबत वाटाड्या असतो, नसेल तर पुजारी असतो, तोही नसेल तर पारावर बसलेला एखादा जाणता वृद्ध असतो. हे सांगणे हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. त्याला संकेत आहेत, ठरावीक कथाबीजे आहेत, नायक-खलनायक आहेत, आणि श्रोता केव्हा मान डोलावील याची पक्की जाण आहे. आपल्याकडे कीर्तनाचा, पोवाड्याचा, लोककथेचा अभ्यास झाला. देवळाच्या सभामंडपात उभ्याने सांगितल्या जाणाऱ्या या आख्यानाकडे मात्र साहित्याच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. इतिहासकारांनी ते खोटे म्हणून सोडले आणि भाविकांनी ते खरे म्हणून स्वीकारले, त्यामुळे ते वाचायचे मात्र राहून गेले. प्रस्तुत लेखात ते वाचण्याचा प्रयत्न आहे.

त्यासाठी भूभाग निवडला आहे तो वाशीम जिल्ह्यातील केनवडच्या भोवतालचा. रिसोड तालुक्यातील हे गाव मालेगाव–मेहकर रस्त्यावर आहे. केनवडची गंमत त्याच्या ठिकाणात आहे. पश्चिमेला मेहकर, नैर्ऋत्येला लोणार, आग्नेयेला वाशीम, पूर्वेला जैनांचे शिरपूर. ही चारही स्थळे एका दिवसात पाहून संध्याकाळी घरी परतता येते. शाळा-महाविद्यालयांच्या सहली आणि भाड्याच्या गाड्यांतून निघालेली कुटुंबे या वाटेने नेहमीच जात आली आहेत. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून लांबच्या वाहनांना जुन्या रस्त्याची गरज उरलेली नाही. पण देवळे पाहायची तर अजूनही जुन्या रस्त्यालाच लागावे लागते.

१. बांधणारा एक, पाडणारा एक

या वाटेवर सर्वांत जास्त वेळा कानी पडणारा शब्द म्हणजे ‘हेमाडपंती’. मेहकरची दगडी खांबांची प्राचीन धर्मशाळा हेमाडपंती, लोणारचे दैत्यसूदनाचे देऊळ हेमाडपंती, सरोवराच्या काठची झाडीत दडलेली पडकी शिवालयेही हेमाडपंती. चुना न वापरता दगडावर दगड बसवून रचलेले कोणतेही काळे बांधकाम आपल्याकडे या एका नावाने ओळखले जाते.

आता हेमाद्री पंडित ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. देवगिरीच्या महादेव यादवाचा आणि त्यानंतर रामचंद्र यादवाचा तो श्रीकरणाधिप, ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या प्रचंड धर्मशास्त्रग्रंथाचा कर्ता. महादेवाची कारकीर्द सुमारे १२६१ ते १२७१ अशी धरली जाते. परंतु या धाटणीची मंदिरे त्याच्या जन्माआधीपासून बांधली जात होती. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवालय शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे आहे. हेमाद्रीच्या कितीतरी आधीचे. हेन्री कझिन्स याने १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील आपल्या ग्रंथात लोणारच्या दैत्यसूदनाचे सविस्तर वर्णन केले, तेही या शैलीचा विस्तार लक्षात घेऊनच. तेव्हा ‘हेमाडपंती’ हा शब्द कालदर्शक नाही, कर्तृदर्शक तर नाहीच.

मग तो काय दाखवतो? वऱ्हाडात हेमाडपंताची जी लोककथा रूढ होती ती पाहिली तर याचे उत्तर मिळते. हेमाडपंत हा वैद्य. त्याने लंकेत जाऊन बिभीषणाला बरे केले. त्या बदल्यात त्याला राक्षसांची मदत मिळाली, आणि त्या राक्षसांनी एकेका रात्रीत ही देवळे उभी केली. मोडी लिपीही त्यानेच लंकेतून आणली असे सांगतात. ही कथा बांधकामाचा इतिहास सांगत नाही. बांधकामाचे आश्चर्य सांगते. एवढे दगड कोणी उचलले, चुन्याशिवाय ते शतकानुशतके कसे उभे राहिले, हा प्रश्न ज्यांना पडला त्यांनी दिलेले हे उत्तर आहे. राजे, श्रेणी, पाथरवट, दाते या सगळ्यांचा विसर पडल्यावर स्मृतीने एकच नाव जपून ठेवले आणि सर्व कर्तृत्व त्याच्या ओटीत घातले.

पाडण्याच्या बाबतीतही हेच घडते. मूर्ती भंगलेली दिसली की वाटाड्या एकच नाव घेतो, औरंगजेबाचे. वऱ्हाड १५९६ मध्ये मोगलांकडे गेले. त्याआधी तेथे बहामनी आणि इमादशाही सत्ता होती. त्याआधी खिलजींच्या स्वाऱ्या झाल्या होत्या. या चार शतकांत कोणते देऊळ केव्हा ओस पडले, कोणते आश्रय तुटल्याने, कोणते आघाताने आणि कोणते केवळ झाडाच्या मुळांनी, याचा निवाडा एकेका स्थळाचा पुरावा पाहूनच करावा लागतो. आघात झाले नाहीत असे म्हणणे जितके चूक, तितकेच ते सर्व एकाच्या नावे लिहिणे चूक. आख्यानाला मात्र एक बांधणारा आणि एक पाडणारा पुरतो. या दोन नावांच्या मध्ये जी अडीच-तीनशे गावे, जे शेकडो कारागीर आणि जे लहानमोठे दाते होते, ते अनामिक राहतात. आख्यानाची ही काटकसर वाङ्मयीन दृष्ट्या समजण्याजोगी आहे. नागरिक म्हणून मात्र ती आपल्याला महाग पडते.

२. जमिनीतून आलेले देव

या वाटेवरचे दुसरे कथाबीज म्हणजे पुरलेली मूर्ती सापडण्याचे. वाशीमच्या बालाजीची कथा अशी : संकटाच्या काळात भक्तांनी मूर्ती जमिनीत दडवली, पुढे जागेचाही विसर पडला, आणि १७६० च्या सुमारास एका घोडेस्वाराने काठीने माती उकरली तेव्हा मूर्तीचे बोट दिसले. त्यानंतर भोसल्यांचा दिवाण भवानी काळू याने मंदिर बांधले. ते १७७९ चे मानले जाते. मेहकरच्या शार्ङ्गधर बालाजीची भव्य कृष्णशिला-मूर्ती तर १८८८ साली खोदकामात सापडली. तिच्याविषयी सांगितले जाते की, इंग्रज अधिकारी ती घेऊन जाणार होते, म्हणून गावकऱ्यांनी घाईने प्रतिष्ठापना करून टाकली.

या दुसऱ्या कथेतील इंग्रजाची भीती केवळ कल्पनेतली नसावी. १८७८ साली हिंदुस्थानात गुप्तधनाचा कायदा झाला होता. जमिनीत सापडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू कलेक्टरला कळवणे त्याने बंधनकारक केले. त्या कायद्यानंतर दहाच वर्षांनी एका तालुक्याच्या गावी एवढी मोठी मूर्ती जमिनीतून वर येते, तेव्हा ‘ही कोणाची?’ हा प्रश्न गावाच्या मनात उभा राहणे स्वाभाविक होते. सापडलेली मूर्ती ही पुराणवस्तू. प्रतिष्ठापित मूर्ती हा देव. एका विधीने तिचे वर्गीकरण बदलते. आख्यायिका अधिकाऱ्याचे नाव सांगत नाही, पण तिला कायद्याचा मुद्दा नेमका ठाऊक आहे.

याच दशकात जगाच्या दुसऱ्या टोकाला असाच एक प्रसंग घडला. जपानमधील नारा परिसरात होर्यू-जी हे मंदिर आहे. जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारती तेथे आहेत. त्याच्या युमेदोनो या अष्टकोनी दालनात कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची, एक मूर्ती शतकानुशतके कापडात गुंडाळून बंद ठेवलेली होती. १८८४ मध्ये अर्नेस्ट फेनोलोसा आणि ओकाकुरा काकुझो सरकारी अधिकार घेऊन तेथे गेले आणि त्यांनी ती उघडायला लावली. मूर्ती उघडली तर भूकंप होईल अशी भीती भिक्षूंना वाटत होती. कापडाची वेष्टने सुटली आणि एका देवतेचे राष्ट्रीय कलावस्तूत रूपांतर झाले. मेहकरला जे टळले असे आख्यायिका सांगते, तेच नाराला घडले. तरीही ती मूर्ती आजही त्याच दालनात आहे आणि वर्षातून ठरावीक दिवसच दर्शनासाठी उघडली जाते. वस्तू आणि देव ही दोन्ही नाती एकाच मूर्तीशी एकाच वेळी असू शकतात, हे जपानने दीर्घ अनुभवाने शिकलेले शहाणपण आहे.

३. स्थानपोथी : मराठीतील पहिला वाटाड्या

लोणारला आपण बहुधा उल्कापातासाठी जातो. बसाल्ट खडकातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने युरोपीय वाचकांसमोर आणले. दीर्घ काळ ते ज्वालामुखीचे मुख मानले जात होते. १९७३ मधील संशोधनाने आघाताची खूण खडकांतूनच दाखवून दिली. त्याच्या वयाविषयी सुमारे ५२ हजार वर्षे आणि सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असे दोन फार भिन्न अंदाज वेगवेगळ्या पद्धतींनी निघालेले आहेत.

स्थळकथा सांगते की, लवणासुर जमिनीखाली राहत होता. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या घरावरचे झाकण उडवले आणि त्याचा वध केला. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त, त्यातील क्षार हे त्याचे मांस, आणि ढाकेफळजवळची टेकडी हे ते दूर जाऊन पडलेले झाकण. हल्ली वाटाडे या कथेला लगेच पुढचे वाक्य जोडतात, की पूर्वजांना उल्का ठाऊक होती. हा अन्वय मानण्याचे कारण नाही. मात्र कथेने एक गोष्ट पकडली आहे : हा खड्डा हळूहळू झालेला नाही, एका घावात झालेला आहे. निसर्गाकडे बारकाईने पाहणाऱ्याचे ते निरीक्षण आहे. तेवढे श्रेय तिला देणे पुरेसे आहे. त्याहून अधिक दिले तर कथेचाही अपमान आणि विज्ञानाचाही.

मराठीच्या विद्यार्थ्याला लोणारचे अगत्य आणखी एका कारणासाठी असायला हवे. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त लोणार येते. श्रीचक्रधरस्वामी तेथे असताना कान्हरदेव यादव, म्हणजे कृष्ण यादव, त्यांच्या दर्शनाला आल्याची लीळा प्रसिद्ध आहे. कृष्ण यादवाची कारकीर्द १२६१ च्या सुमारास संपते. हेमाद्रीचा अधिकारकाळ त्यानंतरचा. अर्थात हेमाडपंताच्या हाती सत्ता येण्यापूर्वीच लोणार हे राजाने यावे असे तीर्थ होते. वाटाड्याच्या आख्यानाला लीळाचरित्राने दिलेली ही साधी दुरुस्ती आहे.

आणि चक्रधरांच्या मागोमाग येते ‘स्थानपोथी’. चौदाव्या शतकातील, मुनिव्यासांच्या नावे ओळखला जाणारा हा महानुभावांचा गद्यग्रंथ; डॉ. वि. भि. कोलते यांनी तो संपादित केला. चक्रधर जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, निजले, त्या जागा यात दिल्या आहेत. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दार कोठे, पटिशाळा कोणत्या अंगाला, नदी कोणीकडे, एका स्थानापासून दुसरे स्थान किती अंतरावर, हे सर्व त्यात कोरडेपणाने नोंदलेले आहे. भाषेला अलंकार नाही, चमत्काराला जागा नाही. ज्याने त्या जागा पाहिल्या नाहीत त्याला त्या सापडाव्यात, एवढाच हेतू. मराठीतील पहिले मार्गदर्शक पुस्तक म्हणायचे तर ते हेच.

यातला विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. महानुभाव पंथ देवतांच्या मूर्तींची पूजा करीत नाही. त्याच्या दृष्टीने त्या देवळातील देव महत्त्वाचा नव्हे, स्वामींचा त्या जागेशी आलेला संबंध महत्त्वाचा. आणि तरीही तेराव्या शतकातील महाराष्ट्राच्या देवळांची इतकी नेमकी मराठी नोंद आपल्याला मिळते ती या पंथाकडूनच. ज्याला गाभाऱ्याचे माहात्म्य सांगायचे नव्हते त्याने दाराची दिशा लिहून ठेवली. माहात्म्यकारांनी देवाचे पराक्रम सांगितले आणि दार विसरले. स्मरण ठेवण्याच्या या दोन पद्धती आहेत. एक अद्भुताची, दुसरी अंतरांची. आजच्या सहलीत पहिलीच ऐकू येते. दुसरी ग्रंथालयात पडून आहे.

४. ज्याचे देऊळ नाही तो इतिहास

लोणारहून रिसोडमार्गे गाडी वाशीमला येते. बालाजीचे दर्शन होते, पद्मतीर्थ पाहिले जाते, वत्स ऋषींची कथा ऐकवली जाते, आणि गाडी पुढे निघते. या मुक्कामी साहित्याच्या विद्यार्थ्याचे जेवढे नुकसान होते तेवढे अन्यत्र कोठेही होत नाही.

कारण वाशीम म्हणजे वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ साली येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट मिळाले. त्याच्या सदतिसाव्या राज्यवर्षात दिलेले हे दानपत्र. वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात, अशी त्याची रचना आहे. राजभाषा बदलत असतानाचा क्षण त्या तांब्यावर थांबलेला आहे. हा ताम्रपट सापडेपर्यंत वत्सगुल्मची शाखा इतिहासाला स्पष्टपणे ठाऊकच नव्हती, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या कार्यामुळे वाकाटकांचे सर्व लेख १९६३ मध्ये एका खंडात एकत्र आले.

या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य आज उपलब्ध नाही, पण आनंदवर्धन, कुंतक, भोज यांसारख्या शास्त्रकारांना ते ठाऊक होते आणि त्यांनी त्याचा आदराने निर्देश केला आहे. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त वत्सगुल्मकांच्या चालीरीतींचा उल्लेख येतो. आणि सर्वांत मनोहर उल्लेख राजशेखराचा. ‘काव्यमीमांसे’च्या तिसऱ्या अध्यायात काव्यपुरुष रुसून देशोदेशी भटकतो आणि साहित्यविद्यावधू त्याला वश करण्यासाठी मागोमाग जाते. पूर्वेला, उत्तरेला, पश्चिमेला तो पुरता वश होत नाही. शेवटी दक्षिणेत विदर्भात येतो, आणि वत्सगुल्म नगरात त्या दोघांचा गांधर्वविवाह होतो. याच प्रवासात निरनिराळ्या देशांच्या रीती ठरतात. वैदर्भी ही त्यांतली शेवटची आणि श्रेष्ठ. राजशेखराच्याच ‘कर्पूरमंजरी’त या रीतीला ‘वच्छोमी’ म्हटले आहे, म्हणजे वच्छोमची, वत्सगुल्मची, थोडक्यात वाशीमची. वत्सगुल्म, वच्छोम, वाशीम असा हा शब्दाचा प्रवास आहे.

वैदर्भी रीती आपण वर्गात शिकवतो. दंडी, वामन, माधुर्य, प्रसाद, सुकुमारता असे सगळे फळ्यावर लिहितो. पण काव्य आणि साहित्यविद्या यांचे लग्न ज्या गावी लागले म्हणून परंपरेने सांगितले, ते गाव आपल्या जिल्ह्याचे मुख्यालय आहे, एस. टी. ने जाता येते, हे किती वर्गांत सांगितले जाते? १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर शिकलेल्या पिढीला तरी हे ठाऊक असायला हरकत नव्हती.

याचे कारण उघड आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्मचे दाखवण्याजोगे देऊळ वाशीमच्या सहलीत नाही. ताम्रपट संग्रहात जातो, काव्य हरवते, रीती पाठ्यपुस्तकात जाते. वाटाड्याला बोट दाखवायला काही लागते. ज्याकडे बोट दाखवता येत नाही ते त्याच्या आख्यानात शिरत नाही. दगडाचा इतिहास सांगितला जातो, शब्दाचा इतिहास सांगितला जात नाही. म्हणूनच शब्दाचा इतिहास सांगण्याची जबाबदारी साहित्याच्या शिक्षकांवर येते.

बोट दाखवायचेच असेल तर ते जरा लांब, अजिंठ्याकडे करावे लागेल. तेथील सोळाव्या क्रमांकाचे लेणे वत्सगुल्मच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने करवले; लेण्यातील शिलालेख हे सांगतो. सतरावे लेणे हरिषेणाच्याच मांडलिकाचे. अजिंठ्याच्या चित्रांचा वैभवकाळ हा वाशीमच्या राजसत्तेचा काळ होता.

आणि येथून धागा पुन्हा नाराकडे जातो. होर्यू-जीच्या मुख्य दालनातील भित्तिचित्रांची तुलना कलेतिहासकार अजिंठ्याशी करीत आले आहेत. आराई काम्पो या जपानी चित्रकाराने १९१७-१८ च्या हिवाळ्यात अजिंठ्याला राहून चित्रांच्या नकला केल्या. पुढे १९४० पासून त्याच चित्रकाराने होर्यू-जीच्या भित्तिचित्रांच्या नकलांचे काम हाती घेतले. २६ जानेवारी १९४९ रोजी त्या दालनाला आग लागली आणि मूळ चित्रांची मोठी हानी झाली. त्या धक्क्यातून १९५० मध्ये जपानचा सांस्कृतिक वारसा संरक्षण कायदा आला, आणि पुढे २६ जानेवारी हा दिवस तेथे वारसास्थळांच्या अग्निसुरक्षेचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. आपल्या प्रजासत्ताकदिनी नाराच्या मंदिरांत आग विझवण्याची कवायत चाललेली असते, आणि ती ज्या चित्रांच्या शोकातून सुरू झाली त्यांचे दूरचे नाते वत्सगुल्मशी लागते.

५. लेप आणि मूळ

शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर आहे. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा. कथा अशी की, कुष्ठरोगातून बरा झालेला राजा मूर्ती घेऊन निघाला. मागे वळून पाहू नये ही अट होती. त्याने पाहिले आणि मूर्ती तेथेच अंतराळी थांबली. मागे वळून पाहिल्याने गमावण्याचे हे कथाबीज जगभर आहे. येथे मात्र वळून पाहण्याने तीर्थ जन्माला आले.

या तीर्थावर श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही पंथांचा दावा आहे. १९०५ मध्ये पूजेचे वेळापत्रक ठरले, १९१० मध्ये दावा दाखल झाला, १९२९ मध्ये तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले. २२ फेब्रुवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये ते उघडले, आणि उघडताच पुन्हा तणाव झाला. न्यायालयापुढील एक कळीचा मुद्दा होता मूर्तीच्या लेपाचा. झिजणाऱ्या मूर्तीला लेप द्यायचा का, कोणी द्यायचा, आणि त्या लेपाने मूर्तीचे रूप कोणत्या पंथाचे ठरते?

या प्रश्नाकडे केवळ भांडण म्हणून पाहू नये. मूळ कशाला म्हणायचे हा त्यातला खरा प्रश्न आहे. पाठचिकित्सा करणाऱ्या कोणालाही तो परिचित आहे. लेखनिकाने प्रत उतरवताना भाषा सोपी केली तर ग्रंथ तोच राहतो का? ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी शुद्ध केली तेव्हा त्यांनी मूळ वाचवले की नवे घडवले?

जपानमध्ये इसे येथील शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडात जसेच्या तसे पुन्हा बांधले जाते. सातव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही प्रथा यादवीच्या काळात शतकाहून अधिक खंडित झाली, पुन्हा सुरू झाली, आणि २०१३ मध्ये बासष्टावे पुनर्निर्माण झाले. लाकूड कोवळे, देवस्थान प्राचीन. नाराच्या तोदाई-जीमधील महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूने केले. पण आजची इमारत १७०९ ची, आधीपेक्षा लहान. तेथे या पुनर्बांधणीच्या तारखा लपवलेल्या नाहीत. देवळाच्या इतिहासाचाच त्या भाग आहेत. १९९४ मध्ये नारा येथेच अस्सलपणाविषयीचा जो आंतरराष्ट्रीय दस्तऐवज तयार झाला, त्याने मूळ म्हणजे केवळ मूळ द्रव्य ही समजूत सोडली. रूप, वापर, परंपरा, कारागिरी आणि भाव यांतही अस्सलपणा असू शकतो, असे त्याने मान्य केले.

पण जपानचे चित्र एकतर्फी रंगवणे बरोबर होणार नाही. आज तेथील वाटाड्या देवस्थान आणि बौद्ध मंदिर असा स्पष्ट भेद करून दाखवतो, जणू तो अनादी आहे. वस्तुतः हजारभर वर्षे कामी आणि बुद्ध एकाच आवारात नांदत होते. १८६८ मध्ये मेइजी सरकारने हुकूम काढून त्यांना वेगळे केले, आणि त्या लाटेत असंख्य बौद्ध मूर्ती व वास्तू नष्ट झाल्या. कासुगा देवस्थानाशी एकरूप असलेले नाराचे कोफुकु-जी जवळजवळ उद्ध्वस्त झाले. वाटणी झाली की वाटणीच्या आधीचा काळ सांगणे अवघड जाते. शिरपूरच्या बाबतीत आपल्याला याचा विचार करावा लागेल. कायद्याच्या निवाड्यातून मूर्ती कोणाची हे ठरेल. ती शतकानुशतके दोघांची कशी होती, हे तो निवाडा सांगू शकणार नाही. ते सांगण्याचे काम इतिहासाचे आहे.

६. काय करावे

या सगळ्याचा निष्कर्ष वाटाड्याला गप्प करावे असा मुळीच नाही. हेमाडपंताचे राक्षस, लवणासुराचे झाकण, घोडेस्वाराच्या काठीला लागलेले बोट, मागे वळून पाहणारा राजा, ही आपल्या प्रदेशाची वाङ्मयीन संपत्ती आहे. ती पुसून तेथे केवळ सनावळी लावली तर आपण माहात्म्यकारांच्या उलट बाजूची चूक करू. गरज आहे ती आख्यानाच्या शेजारी स्थानपोथी ठेवण्याची.

केनवड, रिसोड, मेहकर, मालेगाव या भागातील मराठीच्या एखाद्या शिक्षकाने पुढच्या सहलीत विद्यार्थ्यांकडे दोन वह्या द्याव्यात. एकीत पुजारी आणि वाटाड्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख आणि गाव घालून उतरवावे. दुरुस्ती करू नये. दुसरीत देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, खांब किती, कोरीव लेख कोठे आहे, कोणत्या भागाला नवा रंग किंवा सिमेंट लागले आहे, सुटे दगड कोठे पडले आहेत, हे मुनिव्यासांच्या कोरडेपणाने लिहावे. दहा वर्षे हे झाले तर पहिल्या वहीतून कथा कशा बदलतात हे दिसेल आणि दुसरीतून दगड कसे हरवतात हे दिसेल. ही दुसरी नोंद विशेष निकडीची आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या खांबांवर तैलरंग चढतो, गाभाऱ्यात संगमरवरी फरशी येते, लेखाचा दगड पायरीखाली जातो. हे सर्व भक्तीनेच होते, आणि म्हणून त्याला अडवणारे कोणी नसते. निदान लिहून ठेवणारे तरी कोणी असावे.

आणि वाशीमला पोहोचल्यावर, पद्मतीर्थाच्या काठी, दर्शनाची रांग पुढे सरकेपर्यंत पाच मिनिटे काढून काव्यपुरुषाच्या लग्नाची गोष्ट सांगावी. तिला देऊळ नाही, मूर्ती नाही, उत्सव नाही. सांगणारा असेल तेवढाच काळ ती त्या गावात राहील.